पवईची जलपर्णी गेममध्ये वाढवताना

सातवीतल्या मुलाला ‘व्हेरिएबल म्हणजे काय’ हे फळ्यावर शिकवलं तर तो व्याख्या उतरवून घेतो आणि परीक्षा झाली की विसरतो. त्याच मुलाच्या हातात गेममधलं गुरुत्वाकर्षण देऊन बघा. लुआंटी हा ठोकळ्यांच्या जगाचा मोफत, मुक्तस्रोत गेम आहे. २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. खेळाडूला खाली खेचणारं बळ त्यात एका आकड्यावर ठरतं. मुळात तो आकडा १ असतो. तिथे ०.१७ लिहिलं की चंद्रावर गेल्यासारखं होतं आणि उडी जवळजवळ सहापट उंच जाते. शून्य लिहिलं तर माणूस खाली येतच नाही. व्हेरिएबल हा शब्द त्यानंतर सांगितला तरी चालतो, कारण मुलाने तो आधी वापरलेला असतो.

तयार गेममध्ये असे फेरफार करणं म्हणजे मॉडिंग. १९९३ साली आलेल्या ‘डूम’ या गेममध्ये नकाशे, चित्रं, आवाज मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलींमध्ये ठेवले होते, त्यामुळे घरबसल्या लोक स्वतःचे नकाशे करू लागले. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा गेमही मुळात ‘हाफ-लाइफ’ या गेमचा मॉडच, म्हणजे असा फेरफारच.

शिकवण्याच्या दृष्टीने मॉडिंगचा मोठा फायदा हा, की कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही. चालतं-बोलतं जग आधीच समोर असतं. मूल दुसऱ्याचा कोड वाचतं, त्यातली एक ओळ बदलतं आणि काय होतं ते बघतं. वाचन आधी, लेखन नंतर. भाषाही आपण तशीच शिकतो, पण कोडिंगच्या बहुतेक वर्गांत हा क्रम उलटा असतो, आणि मला तो चुकीचा वाटतो.

भांडुपला मी शाळकरी मुलांचा एक छोटा वर्ग घेते. तिथल्या एका मुलीला पवई तलावावरची जलपर्णी गेममध्ये आणायची होती. लुआंटीचे मॉड लुआ या छोट्या भाषेत लिहितात. ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात तयार झाली. एखादा ठोकळा आपोआप बदलत राहावा यासाठी लुआंटीत एक नियम लिहिता येतो. त्यात इंटरव्हल म्हणजे किती सेकंदांनी तपासायचं, आणि चान्स म्हणजे कितीतून एकदा घडायचं. चान्स ५० ठेवला तर दर तपासणीत प्रत्येक रोपाला पसरण्याची संधी पन्नासात एक.

तिने लिहिलं: शेजारची जागा रिकामी असेल तर तिथे जलपर्णी लाव. खालचा ठोकळा पाण्याचा आहे की नाही हे तपासलंच नव्हतं. थोड्या वेळात जलपर्णी काठावर चढली आणि पायवाटेवरून पुढे निघाली. ‘जर’ची अट कशासाठी असते हे यापुढे तिला कुणी सांगायची गरज उरली नाही. दुरुस्त करताना एक ‘एंड’, म्हणजे कोडचा तुकडा संपल्याची खूण, राहून गेला, तेव्हा स्क्रीनवर संदेश आला की बाराव्या ओळीवर उघडलेलं फंक्शन (एका कामासाठी लिहिलेला कोडचा तुकडा) बंद झालेलं नाही. असे संदेश घाबरून बंद न करता शब्द न् शब्द वाचायची सवय लागणं, हे मी सगळ्यात मोलाचं मानते.

खरी गंमत पुढे आली. चौकटीच्या वहीवर आम्ही तोच नियम हाताने चालवला, चान्स न ठेवता: प्रत्येक रोप दर फेरीला चारही बाजूंना पसरतं. १, ५, १३, २५ अशी रोपं होत गेली. दहा फेऱ्यांनंतर २२१. पण खरी जलपर्णी अनुकूल हवामानात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. दुपटीने गेलं तर दहा फेऱ्यांत एकाची १०२४ होतात! हा फरक कुठून आला?

वहीवरच्या पुंजक्याची फक्त कड वाढत होती. मधल्या रोपांना चारही बाजूंनी शेजारी होते, त्यांना पसरायला जागाच नव्हती. तलावावर मात्र वारा पुंजके तोडतो, ते वाहत जाऊन दुसरीकडे रुजतात, आणि प्रत्येक नव्या पुंजक्याला स्वतःची मोकळी कड मिळते. मग मुलीने आणखी एक नियम घातला: क्वचित कधीतरी एक रोप वीसेक ठोकळे दूर जाऊन पडेल, तेही ईशान्येकडे, कारण पावसाळ्यात मुंबईत वारा नैर्ऋत्येकडून येतो. आता तलाव कितीतरी लवकर हिरवा होतो. सांडपाणी मिसळलं की जलपर्णीला नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळतात, म्हणून सांडपाण्याच्या बाजूला तिने चान्स ५० वरून १० वर आणला.

या सगळ्यात अट, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं), रँडम संख्या, फंक्शन हे सगळं येऊन गेलं. शिवाय प्रोग्राममधला तलाव आणि खरा तलाव यांत काय सुटलं ते शोधण्याची सवय लागली, आणि शास्त्रज्ञ मॉडेल बनवतात तेव्हा हेच करतात.

सुरुवात करणाऱ्या शिक्षकांना दोन गोष्टी सांगते. लुआंटी जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो, म्हणून शाळेची लॅब पुरते. आणि दुसऱ्याचा मॉड घ्यायचा तर त्याचा परवाना मुलांसोबत बसून वाचा. कोड कुणाचा आहे आणि तो बदलायची मुभा आहे का, हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं पाहिजे.

सध्या ती मुलगी जलपर्णी काढणारं यंत्र लिहिते आहे. दर फेरीला ते ठरावीक रोपं उचलतं. मोठ्या पुंजक्याच्या कडेपासून काढत यायचं, की आधी वाहत गेलेले छोटे पुंजके गाठायचे, यावर वर्गात दोन तट पडले आहेत. दोन्ही नियम लिहून झालेत, आता एकाच तलावावर ते आळीपाळीने चालवून बघायचे आहेत.