अँजिओप्लास्टी आणि स्टेंट : दीर्घकालीन परिणाम

चरबीचे थर साचून अरुंद झालेली हृदयाची धमनी फुग्याने रुंद करून तिथे धातूची बारीक जाळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. फक्त फुगा वापरून हृदयावर केलेली पहिली अँजिओप्लास्टी आंद्रेआस ग्रुन्त्सिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये केली. त्या रुग्णाची धमनी दहा वर्षांनंतरही मोकळी होती. सगळ्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. सुमारे तीनांतल्या एका रुग्णात धमनी काही महिन्यांतच पुन्हा आकसत असे.

१९८६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे रुग्णाला पहिला स्टेंट बसवला गेला. जाळीच्या आधाराने भिंत आत येणे थांबले, पण जखम भरताना जाळीच्या आत ऊतींची वाढ होऊन अडथळा परत येई. सिरोलिमससारख्या औषधाचा लेप दिलेल्या स्टेंटमुळे २००२ नंतर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली गेले. त्याची किंमतही होती: औषध जाळीवर आतले अस्तर चढू देण्यातही दिरंगाई करते आणि उघड्या धातूवर रक्ताची गुठळी धरू शकते. हे क्वचित घडते, पण घडले तर बहुधा हृदयविकाराचा झटकाच येतो. म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी साधारण सहा महिने, झटक्यानंतर वर्षभर देतात. दात काढायचा म्हणून डॉक्टरांना न विचारता ती बंद करणे धोक्याचे आहे. विरघळणारा स्टेंट हा त्यावरचा उपाय वाटला होता, पण त्यात गुठळ्या अधिक आढळल्या आणि ‘ॲब्सॉर्ब’ या अशा स्टेंटची विक्री २०१७ मध्ये थांबली.

पहिल्या वर्षानंतरही स्टेंटच्या जागी दरवर्षी सुमारे दोन टक्के रुग्णांत काही ना काही बिघाड होतो. कधी जाळीच्या आतच नवे चरबीचे थर साचतात. शिवाय स्टेंट एका जागेचा इलाज आहे, आजार मात्र सगळ्या धमन्यांत असतो. म्हणूनच कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे, रक्तदाबावरचे नियंत्रण आणि तंबाखू सोडणे यांवर पुढची वर्षे अधिक अवलंबून असतात.

झटका चालू असताना केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, यात वाद नाही. स्थिर छातीदुखीत चित्र वेगळे आहे. ‘करेज’ (२००७) आणि भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांवरील ‘इस्केमिया’ (२०२०) या चाचण्यांत चांगल्या औषधोपचारापेक्षा स्टेंटने मृत्यू कमी झाले नाहीत. छातीदुखी मात्र कमी झाली. ‘ब्लॉकेज दिसले, लगेच स्टेंट’ ही घाई त्यामुळे अशा रुग्णांत समर्थनीय ठरत नाही.

मधुमेह आणि एकाहून अधिक धमन्यांत अडथळे असल्यास बायपास सरस ठरते. ‘फ्रीडम’ चाचणीत (२०१२) पाच वर्षांत स्टेंटच्या गटातील १६.३ टक्के, तर बायपासच्या गटातील १०.९ टक्के रुग्ण दगावले. पक्षाघात मात्र बायपासनंतर अधिक झाले.