शेळीचं चीज: दूध साकळण्यासाठी घातलेलं कॅल्शियम आणि पोटात जाणारं कॅल्शियम

शेळीच्या चीजमध्ये 'कॅल्शियम घातलंय' या वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. एक, रेनेटच्या (दूध साकळवणाऱ्या विकराच्या) आधी दुधात घालायचं चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड. दुसरा, खाणाऱ्याला जास्त कॅल्शियम मिळावं म्हणून चीजमध्ये केलेली भर. पहिलं करायचं आणि दुसरं केलं असं सांगायचं, हा प्रकार मी पाकिटांवर वाचलाय आणि घरी चीज करणाऱ्यांकडूनही खूपदा ऐकलाय. ही मंडळी फसवत नसतात, त्यांना मनापासून तसंच वाटत असतं. म्हणून हे एकदा आकड्यांनिशी लिहितो.

कॅल्शियम क्लोराइड कशाला लागतं ते चीज करणाऱ्याला माहीत असतंच, तेव्हा थोडक्यात. रेनेट केसिनच्या (दुधातल्या मुख्य प्रथिनाच्या) कणांवरचं आवरण कापतं. पण कापलेले कण एकमेकांना धरतात ते दुधात मोकळ्या असलेल्या कॅल्शियमच्या मदतीने. पाश्चरीकरणात हे मोकळं कॅल्शियम काहीसं कमी होतं. शेळीच्या दुधात अल्फा-एस१ प्रकारचं केसिन मुळातच कमी, त्यामुळे साका (साकळलेल्या दुधाचा गोळा) मऊ पडतो आणि सुरी फिरवली की चुरा होतो. आपल्याकडे आणखी एक अडचण: उस्मानाबादी शेळी मुख्यतः मटणासाठी पाळली जाते, दूध थोडं देते, म्हणून लोक तीन-चार दिवसांचं दूध फ्रिजमध्ये साठवून मग चीज करतात. थंडीत केसिन आणि कॅल्शियम दोन्ही कणांतून थोडं थोडं सुटतं आणि साका आणखी ढिला होतो. अशा दुधाला कॅल्शियम क्लोराइड जरूर घाला. प्रमाण लिटरला जास्तीत जास्त ०.२ ग्रॅम, पाण्यात विरघळवून, रेनेटच्या दहा मिनिटं आधी. जास्त घातलं तर चीज कडू लागतं. पाकिटावर ते 'आयएनएस ५०९' या नावाने दिसतं.

आता हिशेब करू. शेळीच्या एक लिटर दुधात सुमारे १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. निर्जल कॅल्शियम क्लोराइडमध्ये कॅल्शियमचा वाटा ३६ टक्के, म्हणजे ०.२ ग्रॅममधून मिळालं ७२ मिलिग्रॅम. दुधात आधीच असलेल्याच्या सहा टक्क्यांहूनही कमी, आणि त्यातलंही सगळं चीजमध्ये राहत नाही. ज्याने दिवसाला १००० मिलिग्रॅमची गरज भागवायची, त्याला या भरीचा उपयोग नगण्य.

पण खरी मेख इथे नाही. चीजमध्ये कॅल्शियम किती राहणार हे आपण चमच्याने काय घातलं यावर ठरत नाही. निवळ (साक्यातून सुटणारं पाणी) गाळताना साका किती आंबट झालेला होता, यावर ठरतं. दुधातलं साधारण दोन तृतीयांश कॅल्शियम केसिनच्या कणांत फॉस्फेटबरोबर बांधलेलं असतं. दूध गोडं असेपर्यंत ते तिथेच बसून राहतं. आंबटपणा वाढू लागला की ही बांधणी विरघळते, आणि पीएच (आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ५ च्या खाली गेला की जवळजवळ सगळं कॅल्शियम पाण्यात उतरतं. मग फडक्यात बांधून टांगलेल्या साक्यातून ते निवळीबरोबर निथळून जातं.

म्हणूनच एकाच शेळीच्या दुधाची दोन चीजं इतकी वेगळी निघतात. फ्रेंच पद्धतीचं ताजं मऊ चीज घ्या. विरजण लावून, रेनेटचे एक-दोन थेंब टाकून, रात्रभर किंवा दिवसभर आंबू दिलेलं. त्याचा पीएच ४.६ च्या आसपास उतरतो. अमेरिकी कृषी खात्याच्या पोषणतक्त्यात अशा मऊ चीजच्या १०० ग्रॅममध्ये १४० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, आणि शेळीच्याच कठीण चीजमध्ये ८९५. एक लिटर दुधातून मऊ चीज साधारण २०० ग्रॅम येतं, म्हणजे त्यात कॅल्शियम सुमारे २८०. उरलेलं हजारेक मिलिग्रॅम पातेल्यात खाली! कठीण चीज लिटरला शंभरेक ग्रॅमच येतं, पण त्याची निवळ साका गोडा असतानाच काढलेली असते, म्हणून दुधातलं दोन तृतीयांश कॅल्शियम त्यात टिकतं.

चक्का करणाऱ्याला हे लगेच पटावं. चक्का आणि हे मऊ चीज या बाबतीत सख्खी भावंडं आहेत. पनीर मात्र त्यांच्यातलं नाही. ते लिंबाने फाडलेलं असलं तरी पीएच ५.३ च्या आसपासच थांबतो आणि दूध कडकडीत तापवलेलं असतं, त्यामुळे कॅल्शियम बरंच टिकून राहतं. 'आंबट घातलं की कॅल्शियम गेलं' असं सरसकट म्हणू नका; किती आंबट, ते महत्त्वाचं.

मऊ चीजमध्ये भर घालायचीच असेल तर ती निवळ पूर्ण निथळल्यावर घाला. दुधात घातलेलं विरघळणारं क्षार पुन्हा निवळीबरोबरच जाणार. खाद्य दर्जाचं बारीक कॅल्शियम सायट्रेट १०० ग्रॅम चीजमध्ये १ ग्रॅम मळलं तर सुमारे २०० मिलिग्रॅम कॅल्शियम वाढतं. जिभेला किंचित खडूसारखं लागतं, हे आधीच सांगून ठेवतो.

कॅल्शियमच्या गोळ्या कुटून दुधात घालण्याचा सल्ला मात्र कृपा करून कोणाला देऊ नका. त्या बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात. ते दुधात विरघळत नाही, तळाशी बसतं, आणि विरजणाने तयार केलेलं आम्ल खाऊन टाकतं. साका घट्ट व्हायच्या ऐवजी बिघडतो.

शेळीला जास्त कॅल्शियम चारलं की दुधात वाढतं, हा समजही तसाच. दुधातलं प्रमाण शेळी जवळजवळ कायम राखते, कमी पडलं तर स्वतःच्या हाडांतून काढून देते. खनिज मिश्रण तिच्या तब्येतीसाठी द्यायचं.

माझं मत विचाराल तर मऊ चीजमध्ये काहीच घालू नये. ते त्याच्या आंबूस चवीसाठी खावं, आणि कॅल्शियम हवं असेल त्याने त्याच दुधाचं कठीण चीज करून दोन महिने मुरू द्यावं. एवढं थांबायचं नसेल तर मऊ चीजची निवळ मोरीत ओतू नका. लिटरमागचं ते हजारेक मिलिग्रॅम तिच्यातच आहे. मी तिची कढी करतो, उरली तर थालीपिठाचं पीठ तिच्यातच भिजवतो.