फोनच्या झडतीला पंच कोण?

कळवा-मुंब्रा पट्ट्यात लोकलच्या दारात फोनवर बोलत उभं राहू नये, हे ठाणेकराला शिकवावं लागत नाही. रुळांच्या कडेला दबा धरून दारातल्यांच्या हातावर काठी मारणाऱ्यांना 'फटका गँग' हे नाव प्रवाशांच्या तोंडी केव्हाच रुळलं आहे. म्हणूनच डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला 'संचार साथी' या सरकारी ॲपची बातमी आली, तेव्हा आमच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत पहिली प्रतिक्रिया विरोधाची नव्हती. "चोरीला गेलेला फोन त्यावरून ब्लॉक होतो, मग राहू दे की," असं चौथ्या मजल्यावरच्या काकांनी ग्रुपवर टाकलं आणि वीसेक अंगठे उठले. दूरसंचार विभागाचा 28 नोव्हेंबरचा आदेश होता की 90 दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप आधीपासून असलंच पाहिजे आणि त्याची कामं बंद करता येता कामा नयेत. देशभर ओरड झाली, 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. काकांचा मुद्दा मात्र जागच्या जागी राहिला, आणि तो खोटाही नाही. पण गुन्हा शोधायला फोनच्या आत कुणी शिरणार असेल, तर त्या झडतीवर नजर कुणाची, हा प्रश्नही उरतोच.

आपल्याकडे झडती म्हटली की पंचनामा आला. वस्तीतले दोन प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे, त्यांच्यासमोर कपाट उघडायचं, सापडलेल्या वस्तूंची यादी करून सह्या घ्यायच्या, हा नियम इंग्रजांच्या काळापासून फौजदारी संहितेत आहे. पंच फुटतात, काही पंच तर पोलिसांचे नेहमीचेच असतात, हे ठाण्याच्या सेशन्स कोर्टात आठवडाभर बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. तरी झडती घेणारा आणि झडती होणारा यांच्याखेरीज तिसरं माणूस खोलीत असावं, एवढी अक्कल त्या नियमात होती. पत्र, तार आणि टेलिफोन यांच्या वाट्याला हा तिसरा माणूस आलाच नाही.

1885 च्या टेलिग्राफ कायद्याने सरकारला तारा अडवायचा अधिकार दिला, 1898 च्या टपाल कायद्याने पत्रं अडवायचा. स्वातंत्र्यानंतर दोन्ही कायदे तसेच चालू राहिले. 1986 मध्ये पत्रं उघडण्याचा अधिकार आणखी रुंद करणारं विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. आपल्या पत्रव्यवहाराची गोपनीयता काही काळ एका माणसाच्या टेबलावरच्या न हललेल्या फायलीने राखली, हे फारसं कुणाच्या लक्षात नाही.

टेलिफोनची पाळी 1996 मध्ये आली. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की टॅपिंगचा आदेश गृहसचिवानेच द्यायचा, तो दोन महिन्यांसाठी, एकूण सहा महिन्यांच्या वर नाही, आणि वर आढावा समिती. कायदा झाल्यावर 111 वर्षांनी हा कुंपणाचा पहिला खांब रोवला गेला. समितीतही सरकारी सचिवच होते, म्हणजे पंच बोलावले तेही घरचेच. तरी काही नसण्यापेक्षा बरं. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे आदेश याच कसोटीवर रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं.

या साऱ्यात ठाण्याचा स्वतःचा एक धडा आहे, आणि मला तो दिल्लीच्या निकालांहून महत्त्वाचा वाटतो. 2018 च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने सीडीआर विकणारी टोळी उघडकीस आणली. सीडीआर म्हणजे कॉलचा तपशील: कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला, किती वाजता, किती वेळ, कोणत्या टॉवरखालून. बोलणं त्यात नसतं, पण नवरा कुठे जातो आणि बायको कुणाशी बोलते हे जाणायला एवढं पुरतं. मोबाइल कंपनीकडून हा तपशील अधिकृतपणे मिळवता येतो तो तपासासाठी, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या मागणीवर. टोळीत खासगी गुप्तहेर सापडले, आणि धागा पोलीस खात्यातल्या माणसापर्यंतही गेला. कुणी हॅकर सर्व्हर फोडून आत शिरला नव्हता. तपासासाठी ठेवलेल्या खिडकीतूनच माल बाहेर जात होता. पकडणारेही पोलीसच होते, हेही नोंदवायला हवं.

त्याच्या पाच-सहा वर्षं आधीचं पालघर आठवतं का? नोव्हेंबर 2012 मध्ये ते अजून ठाणे जिल्ह्यातच होतं. मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिणारी एक मुलगी आणि त्या पोस्टला लाइक देणारी दुसरी, दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या 66-अ कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, ते 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. तोवर लाइक हा गुन्हा ठरू शकत होता. उद्या फोनमधल्या यंत्राला 'गुन्हा शोध' म्हणून सांगताना गुन्ह्यांची यादी कोण लिहितं, याला म्हणून महत्त्व आहे.

यादी सुरू होते ती मात्र कुणालाही नाही म्हणता येणार नाही अशा गुन्ह्यापासून: लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची छायाचित्रं. 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टने डार्टमथ कॉलेजचे प्राध्यापक हॅनी फरीद यांच्यासोबत फोटोडीएनए तयार केलं. पोलिसांना आधीच सापडलेल्या चित्राचा एक आकडी ठसा काढायचा आणि कंपनीच्या सर्व्हरवर येणाऱ्या चित्रांशी तो जुळवायचा. यातून खरे गुन्हेगार सापडले आहेत. भारतातल्या संशयितांची अशी माहिती अमेरिकेतल्या संस्थेकडून 2019 च्या करारानुसार दिल्लीतल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे येते आणि तिथून राज्यांकडे. आपल्याकडे त्या तपासाचं मोठं केंद्र आता नवी मुंबईत, महापेला आहे. महाराष्ट्र सायबरचं मुख्यालय 2024 मध्ये तिथे सुरू झालं. असं चित्र नुसतं साठवून ठेवणंही पोक्सोखाली गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्पष्ट केलं, आणि ते योग्यच झालं.

गोष्ट बदलली ऑगस्ट 2021 मध्ये. ॲपलने जाहीर केलं की जुळवणी सर्व्हरवर नाही, आयफोनच्या आतच होईल. आयक्लाउडवर चढणारी चित्रं जुळवायची, तीसच्या आसपास जुळली की कंपनीचा माणूस पाहणार आणि मग तक्रार. काही दिवसांतच संशोधकांनी दाखवून दिलं की संपूर्ण वेगळ्या दोन चित्रांचा ठसा एकच येऊ शकतो. सप्टेंबरमध्ये योजना थांबली, डिसेंबर 2022 मध्ये गुंडाळली. गुगलच्या बाबतीत तर चूक प्रत्यक्षात घडली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने आजारी मुलाच्या गुप्तांगाचा फोटो डॉक्टरांसाठी काढला होता. गुगलने तो शोषणाचा फोटो समजून त्याचं खातं बंद केलं आणि तक्रार केली. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष मानलं, तरी त्याचं खातं परत मिळालं नाही. आपल्याकडे बाळाच्या अंगावरचं पुरळ डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवणं ही रोजची गोष्ट आहे.

टॅपिंग करायचं तर आधी कुणावर तरी संशय असावा लागतो. फोनमधलं स्कॅनिंग संशयाची वाट पाहत नाही, सगळ्यांचीच कपाटं रोज उघडतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी एकमताने गोपनीयता हा मूलभूत अधिकार मानला आणि त्यात हात घालायचा तर कायदा हवा, वैध हेतू हवा, प्रमाण राखलेलं हवं असं म्हटलं. सगळ्यांच्या कपाटाला त्यातली प्रमाणाची अट कशी लावायची, यावरच आता सारं भांडण आहे.

जुन्या फौजदारी संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत झडतीचं चित्रीकरण सक्तीचं झालं आणि पुरावा असू शकेल असं उपकरण हजर करायला सांगता येऊ लागलं. हजर केलेला फोन उघडायचा कसा, हा पुढचा तिढा. आरोपी पासवर्ड द्यायला नकार देऊ शकतो, मग पोलिसांनी न्यायालयाकडून आदेश आणावा, असं कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटलं. बोटाच्या ठशाचा दाखला मात्र फार जुना आहे, 1961 चा, अकरा न्यायाधीशांचा. महाराष्ट्र होऊन गेला तरी खटल्याच्या नावात 'मुंबई राज्य'च आहे. अंगठ्याचा ठसा देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, असं त्यात ठरलं. तो अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवायचा होता.