माळवदात मुरणारे वादळ

13 ऑक्टोबर 2020 रोजी काकीनाड्याजवळ एक तीव्र कमी दाबाचे क्षेत्र किनाऱ्यावर आले आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाशे किलोमीटर आतल्या सोलापूर जिल्ह्यात धो-धो कोसळले. पंढरपुरात कुंभार घाटाजवळ भिंत पडून सहा जण गेले. जमिनीवर आले की उबदार समुद्राची वाफ तुटते, वारा मंदावतो. आधी उचललेली वाफ मात्र पाऊस होऊन पडतच राहते. म्हणून आपल्याकडे वाऱ्यापेक्षा पाण्याची तयारी हवी.

पहिला धोका डोक्यावरच असतो. तीन बाय चार मीटरच्या खोलीवर फूटभर मातीचे माळवद (लाकडी तुळयांवरचे मातीचे सपाट छत) म्हणजे सुमारे साडेतीन घनमीटर माती. तिच्यात आकारमानाच्या 15 टक्के पाणी मुरले तर तुळयांवर अर्ध्या टनाहून जास्त बोजा वाढतो, आणि तोही वाळवीने पोखरलेल्या लाकडावर. पन्हळ तुंबली तर पाणी भिंतीत उतरते. म्हणून सप्टेंबरआधी पन्हळ मोकळी करावी, माळवदावरचे गवत उपटावे. तुळई करकरली, आतून माती झिरपू लागली किंवा भिंतीला पोट आले, की सामान न आवरता बाहेर पडावे.

दुसरा धोका नदीचा. पंढरपूरचे पाणी भीमेवरच्या एकट्या उजनी धरणावर ठरत नाही. वीर धरणाचा विसर्ग नीरेतून नरसिंहपूरला भीमेत मिळतो. दोन्ही आकडे एकत्र पाहावेत. एक लाख क्युसेक (सेकंदाला एक लाख घनफूट) दिवसभर सोडले तर 8.64 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी जाते, त्यात वाटेतल्या ओढ्यांची भर वेगळीच. सीना भीमेला मिळण्याआधीच उत्तर सोलापूर, मोहोळची शिवारे बुडवू शकते.

हवामान खात्याच्या भाषेत 'अतिमुसळधार' म्हणजे 24 तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर. असा इशारा आला की नदीकाठच्यांनी अंधार पडण्याआधीच निघावे. माणशी रोजचे तीन लिटर पिण्याचे पाणी, नेहमीची औषधे, सातबारा-आधार प्लास्टिकच्या पिशवीत, चार्ज केलेली बॅटरी. मेन स्विच हात-पाय कोरडे असतील तरच बंद करावा. जनावरे उंचवट्यावर न्यावीत. ते जमलेच नाही तर दावी सोडावीत, बांधलेले जनावर दाव्यालाच बुडते. ओढ्याच्या फरशी पुलावरून गाडी घालू नये: प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, आणि खालचा रस्ता खचलेला गढूळ पाण्यात दिसत नाही. मदतीसाठी 112 किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077.

पाऊस थांबला म्हणून लगेच माळवदाखाली झोपायला जाऊ नये. उन्हात भिंत बाहेरून सुकलेली दिसते, तेव्हाही आतला गाभा ओलाच असतो.