‘सगळ्यांत जास्त आत्महत्या दंतवैद्यांच्या’: खुलासा

इंदूरला रामबागेत कुणाच्या मुलीने बीडीएसला प्रवेश घेतला, की एखादे काका हमखास बजावतात, “सगळ्यांत जास्त आत्महत्या डेंटिस्टच करतात, बरं का!” पेढा हातात असतानाच.

हा दावा सिद्ध झालेला नाही. तो अमेरिकेतून आला. तिथल्या काही जुन्या अभ्यासांत मोजलेले मृत्यू अगदी थोडे होते, शिवाय एकूण मृत्यूंपैकी आत्महत्या किती, असं प्रमाण काढलं जाई. यातच गोम आहे. एखाद्या व्यवसायात तंबाखू, अपघात, हृदयविकार यांचे बळी कमी असतील, तर आत्महत्या वाढलेल्या नसतानाही त्यांचा वाटा फुगलेला दिसतो. २००१ मध्ये रॉजर अलेक्झांडर यांनी अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात जुने अभ्यास तपासले. ठोस पुरावा मिळाला नाही. काही अभ्यासांत धोका जास्त दिसतो, काहींत नाही. आपल्या एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) आत्महत्यांच्या व्यवसायवार तक्त्यात तर दंतवैद्यांचा वेगळा रकानाच नाही.

ताण मात्र खरा आहे. मान वाकवून तासन्‌तास काम, खुर्चीत बसण्याआधीच घाबरलेला पेशंट, उपकरणांच्या कर्जाचे हप्ते, आणि छोट्या दवाखान्यात बरोबरीचं बोलायला कुणी नाही. माझ्या मते काकांच्या वाक्याने होणारं खरं नुकसान इथे आहे: थकलेल्या डॉक्टरला “या धंद्यात असंच असतं” वाटतं आणि तो मदत मागत नाही. त्याच्यासाठी, आणि कुणासाठीही, सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे.