झाकण असलेल्या केबल ट्रेमधील केबलची धारावहन क्षमता

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार उभारल्या जाणाऱ्या प्रकल्पांसाठी आम्ही केबलची निवड करून देतो, तेव्हा केबल ट्रेवर (केबल वाहून नेणाऱ्या पन्हळीसारख्या आधारावर) झाकण बसवल्यास केबलची धारावहन क्षमता, म्हणजे ती सुरक्षितपणे सतत वाहून नेऊ शकेल तो प्रवाह, किती कमी धरावी, असा प्रश्न ग्राहकांकडून हमखास येतो. ‘पाच टक्के’ हे उत्तर बहुतेकांना आधीच ठाऊक असते. ते चुकीचे म्हणता येणार नाही. मात्र ते एकाच प्रकारच्या मांडणीला लागू पडते, आणि अन्य मांडणीत प्रत्यक्ष घट दोनशे ॲम्पिअरच्याही पुढे जाऊ शकते.

केबल ट्रेचे नियम संहितेच्या ३९२ व्या कलमात असून धारावहन क्षमतेचा भाग ३९२.८० मध्ये येतो. ट्रेवर भोके किंवा झडपा नसलेले भरीव झाकण सलग १.८ मीटरपेक्षा, म्हणजे ६ फुटांपेक्षा, अधिक लांबीचे असेल तरच घट लागू होते. त्यामुळे पायवाटेच्या वर केबलचे रक्षण व्हावे म्हणून बसवलेल्या पाच फुटी तुकड्याने क्षमता बदलत नाही. ट्रे शिडीसारखी खालून उघडी असली तरीही वरचे झाकण भरीव व सलग असल्यास नियम लागू होतो. झाकणांच्या दोन तुकड्यांमध्ये बोटभर फट ठेवून ‘सलगता’ मोडल्याचे दाखवणारे आराखडे आमच्याकडे येतात. अशा फटीवर आम्ही हिशेब आधारत नाही.

२००० व्होल्टपर्यंतच्या मल्टीकोर (एकाच आवरणात अनेक तारा असलेल्या) केबलसाठी झाकलेल्या ट्रेमध्ये संहितेच्या तक्ता ३१०.१६ मधील क्षमतेच्या ९५ टक्क्यांपर्यंतच प्रवाह धरता येतो. ही घट किरकोळ वाटते, पण केबलमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने प्रवाह पाच टक्क्यांनी उतरवला की उष्णता सुमारे दहा टक्क्यांनी उतरते, आणि झाकणामुळे वर जाऊ न शकणाऱ्या गरम हवेची भरपाई संहिता या मार्गाने करते.

उदाहरणादाखल ४/० एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचे अमेरिकी माप) आकाराची तीन-कोर तांब्याची केबल घेऊ. ९० अंश सेल्सिअसच्या इन्सुलेशनसाठी तक्त्यात २६० ॲम्पिअर आहेत आणि त्यांचे ९५ टक्के २४७ होतात. मात्र ब्रेकरचे टर्मिनल (तार जोडण्याची जागा) बहुधा ७५ अंशांपर्यंतचेच असते आणि तक्त्याच्या त्या तापमानाच्या रकान्यातील मर्यादा २३० ॲम्पिअरची आहे. म्हणजे परिसराचे तापमान ३० अंश असेल तर झाकण असो वा नसो, केबल २३० ॲम्पिअरचीच धरावी लागते. तापमान ४० अंशांवर गेले की ०.९१ चा गुणक लागतो, २६० चे सुमारे २३७ होतात, आणि त्यावर झाकणाचे ९५ टक्के घेतल्यावर २२५ च्या किंचित खाली येऊन आकडा टर्मिनलच्या मर्यादेपेक्षा कमी ठरतो. झाकणाचा परिणाम येथे प्रथमच जाणवतो. तापमान न सांगता केवळ ‘झाकण आहे’ एवढेच कळवल्यास आम्हाला खात्रीचे उत्तर देता येत नाही, त्याचे कारण हेच.

सिंगल-कोर (एकच तार असलेल्या) केबलची गोष्ट वेगळी आहे आणि खरा फटका तिथे बसतो. येथे आधार तक्ता ३१०.१७ चा, म्हणजे मोकळ्या हवेतील क्षमतेचा असतो. १/० एडब्ल्यूजी ते ५०० एमसीएम (मोठ्या तारांच्या छेदाचे अमेरिकी माप) आकारांना उघड्या ट्रेमध्ये त्याचे ६५ टक्के आणि झाकलेल्या ट्रेमध्ये ६० टक्के मिळतात. ६०० एमसीएम व त्यावरील आकारांना अनुक्रमे ७५ व ७० टक्के. याशिवाय एक सवलत आहे: उघड्या ट्रेमध्ये केबल एकाच थरात मांडून दोन केबलांमध्ये किमान एका केबलच्या व्यासाइतके अंतर कायम राखल्यास तक्त्याचे पूर्ण मूल्य वापरता येते. ५०० एमसीएमच्या तांब्याच्या केबलला ७५ अंशांवर हे मूल्य ६२० ॲम्पिअर आहे. त्याच ट्रेवर नंतर कोणी धूळ पडते म्हणून भरीव झाकण चढवले तर सवलत संपते आणि क्षमता ६० टक्क्यांवर, म्हणजे ३७२ ॲम्पिअरवर येते. पाच टक्क्यांचा हिशेब मनात धरून बसलेल्या माणसाला हे २४८ ॲम्पिअर कुठे गेले ते समजत नाही.

ट्रेमध्ये तीस केबल असतील तर तीस केबलांची घट धरावी काय, असेही विचारले जाते. तशी आवश्यकता नाही. मल्टीकोर केबलमध्ये तीनपेक्षा अधिक प्रवाहवाही तारा असतील तरच तारांच्या संख्येची घट लागते (चार ते सहा तारांना ८० टक्के, सात ते नऊ तारांना ७० टक्के), आणि ही मोजणी प्रत्येक केबलपुरती असते, ट्रेपुरती नव्हे. ट्रे किती भरावी याची मर्यादा ३९२.२२ मध्ये स्वतंत्रपणे दिली आहे. प्रवाहाचे हे आकडे ती मर्यादा पाळली आहे असे गृहीत धरूनच ग्राह्य ठरतात.

झाकण केवळ उन्हापासून बचावासाठी हवे असेल, तर ऊन सहन करणारी म्हणून प्रमाणित केबल घेणे आणि ट्रे उघडी ठेवणे आम्हाला अधिक योग्य वाटते. थेट उन्हात राहणाऱ्या केबलसाठी संहितेची तशी अटच आहे. वरून वस्तू पडण्याची भीती असल्यास हवा खेळू देणारे, झडपांचे झाकण सुचवतो. ट्रेच्या कडेपासून उचलून बसवलेले भरीव झाकण हवेशीर मानायचे की नाही, याचा निर्णय प्रकल्पस्थळाच्या तपासणी अधिकाऱ्याकडून खरेदीपूर्वी लेखी घ्यावा.

मागणी नोंदवताना झाकणाचा प्रकार व सलग लांबी, केबल सिंगल-कोर की मल्टीकोर, मांडणीतील अंतर, परिसराचे कमाल तापमान आणि टर्मिनलचा तापमान-दर्जा आराखड्यावर लिहावा. उभारणीनंतर झाकण वाढवण्याचे ठरल्यास पत्रा मागवण्याआधी आम्हाला कळवावे, कारण त्या टप्प्यावर ब्रेकरचे सेटिंग उतरवणे किंवा समांतर केबल टाकणे एवढेच पर्याय उरतात आणि दुसऱ्या पर्यायासाठी ट्रेमध्ये जागा शिल्लक असेलच असे नाही.