पर्जन्य रडार, उपग्रहीय

उपग्रहावरील रडारमधून सूक्ष्मतरंगांचे (मायक्रोवेव्हचे) स्पंद खाली सोडून, थेंब व हिमकणांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींच्या आधारे ढगांची उभी रचना आणि पावसाची तीव्रता मोजण्याची पद्धत. हवामानाच्या बातम्यांत दिसणारी इन्सॅटची पांढरी ढगचित्रे निराळी. त्यांत ढगाचा केवळ माथा दिसतो. माथ्याच्या तापमानावरून पावसाचा अंदाज बांधता येतो, पण तो फसवाही असतो : उंचावरचा तंतुमेघ (तंतूंसारखा विरळ ढग) अतिशय थंड असतो आणि त्यातून जमिनीवर टिपूसही पडत नाही. रडार ढगाचे पोट थराथराने उकलून दाखवते.

सुमारे ४०० किमी. उंचीवरून निघालेला स्पंद जमिनीला टेकून २.७ मिलिसेकंदांत परत येतो. वाटेतल्या प्रत्येक उंचीवरचा प्रतिध्वनी वेगवेगळ्या क्षणी पोचत असल्यामुळे स्पंद जितका आखूड तितका थर बारीक, १.६७ मायक्रोसेकंदांच्या स्पंदाने २५० मी. जाडीचे थर वेगळे ओळखता येतात. थेंब तरंगलांबीपेक्षा बराच लहान असेल, तर त्याचा प्रतिध्वनी व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. ढगातला थेंब साधारण ०.०२ मिमी., पावसाचा मोठा थेंब २ मिमी.चा. म्हणजे व्यासातला फरक शंभर पटींचा, प्रतिध्वनीतला मात्र एकावर बारा शून्ये इतक्या पटींचा. ढग आणि पाऊस यांसाठी वेगळी रडार लागतात, ती यामुळे. सुमारे २ सेंमी. तरंगलांबीचे रडार पाऊस पाहते, पण पाऊस न देणारे ढग त्याच्या लेखी जवळजवळ नसतातच. ९४ गिगाहर्ट्‌झचे, म्हणजे ३.२ मिमी. तरंगलांबीचे रडार विरळ ढगही टिपते. मुसळधार पावसात मात्र त्याचा संकेत जमीन गाठण्याआधीच विरून जातो.

संकेत वाटेत किती विरला हे ठरवण्याची युक्ती मोठी नामी आहे. कोरड्या हवेत समुद्रपृष्ठावरून येणारा प्रतिध्वनी बऱ्यापैकी ठाऊक असतो. पावसात तो जितका क्षीण होऊन येईल, तितके शोषण वरच्या पावसाने केले असे धरून हिशेब दुरुस्त करतात. जमिनीवर, विशेषतः डोंगराळ मुलखात, हा आधार डळमळीत होतो.

अवकाशातून पाऊस मोजणारे पहिले रडार टीआरएमएम (उष्ण कटिबंधीय पर्जन्यमापन मोहीम) या अमेरिका–जपान उपग्रहावर होते. रडार जपानने बनवले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये जपानमधील तानेगाशिमा येथून उपग्रह सोडला गेला. उष्ण कटिबंधातला पाऊस दिवसाच्या प्रहरांप्रमाणे बदलतो. म्हणून एकाच ठिकाणावरून दर वेळी वेगळ्या घटकेला जाणारी, विषुववृत्ताशी ३५° कललेली कक्षा मुद्दाम निवडली होती. तीन वर्षांसाठी आखलेली ही मोहीम २०१५ पर्यंत चालली. २००५ च्या ‘कॅटरिना’ चक्रीवादळात सुमारे १६ किमी. उंचीचे पावसाचे मनोरे याच रडारने दाखवले. पुढे फेब्रुवारी २०१४ मध्ये सोडलेल्या जीपीएम (जागतिक पर्जन्यमापन) उपग्रहावर १३.६ आणि ३५.५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन वारंवारतांचे रडार आले. त्याच थेंबांकडे दोन तरंगलांबींनी पाहिल्यामुळे त्यांच्या आकाराचा अंदाज पक्का होतो. कक्षा ६५° कललेली असल्यामुळे ध्रुवांकडच्या थंड प्रदेशांतली हिमवृष्टीही टप्प्यात येते.

ढगांसाठी एप्रिल २००६ मध्ये ‘क्लाउडसॅट’ हा उपग्रह अवकाशात गेला. त्याची शलाका आजूबाजूला फिरत नसे. सरळ खाली पाहत, दीड किलोमीटरभर रुंदीचा ढगांचा उभा छेद घेत तो पुढे सरके. २०११ मध्ये बॅटरी बिघडल्यानंतर तो फक्त सूर्यप्रकाशात काम करू लागला आणि तसाच २०२३ पर्यंत टिकला. मे २०२४ मध्ये सोडलेल्या युरोप–जपानच्या ‘अर्थकेअर’वरील रडार डॉप्लर प्रकारचे आहे. ढगातले कण वर चालले आहेत की खाली, आणि किती वेगाने, हे अवकाशातून मोजणारे ते पहिलेच.

या रडारांची दृष्टी खोल, पण चिंचोळी. जीपीएमचा पट्टा जेमतेम २४५ किमी. रुंद आहे, त्यामुळे एखादी सर नेमकी त्याखाली सापडणे हा योगच. पूरइशाऱ्यासाठी केवळ त्यावर विसंबता येत नाही. त्याचे खरे काम मापदंडाचे : इतर अनेक उपग्रहांवरील सूक्ष्मतरंगमापकांची (स्वतः स्पंद न सोडता खालून येणारे सूक्ष्मतरंग मोजणाऱ्या उपकरणांची) अनुमाने त्याच्याशी ताडून दर अर्ध्या तासाचे पर्जन्यनकाशे तयार होतात. भारत–फ्रान्सच्या ‘मेघा-ट्रॉपिक्स’वर (२०११) रडार नव्हते, पण त्याची मापनेही या सामायिक कामात वापरली गेली.

दुसरी मर्यादा सह्याद्रीत ठळक जाणवते. टीआरएमएमच्या नोंदींतून दिसले, की हिमालयाच्या पश्चिमेकडील पायथ्याशी पावसाचे ढग मनोऱ्यासारखे उंच चढतात. घाटमाथ्यावरचा मॉन्सूनचा धो-धो पाऊस मात्र बराचसा बुटक्या ढगांतून पडतो. समुद्रावरून आलेली दमट हवा कडा चढताना थेंब गोठणरेषेच्या (जिथे तापमान ०° से. होते त्या उंचीच्या) खालीच एकमेकांत मिसळून मोठे होतात. पण जमिनीचा स्वतःचा प्रतिध्वनी इतका प्रबळ, की पृष्ठालगतचा एक-दोन किलोमीटरचा थर त्यात झाकोळून जातो. पाऊस नेमका तिथेच जोर धरत असतो. म्हणून घाटातला पाऊस उपग्रहांच्या आकड्यांत अनेकदा कमी भरतो. हा थर खालूनच पाहावा लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची महाबळेश्वरला मेघभौतिकी प्रयोगशाळा आहे, आणि सातारा जिल्ह्यातच मांढरदेवच्या डोंगरावर तिने पाऊस व ढग पाहणारी रडार बसवली आहेत.